मला काय कळतंय त्यातलं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. महेशला नाही, पल्लवीला तर नाहीच. चाकूरला माझी बहीण आहे, तिच्यापाशी मी पोटातलं सगळं बोलते — तिलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर माणूस असलं की माझी मान खाली जाते आणि तोंडातून ‘हं’शिवाय काही निघत नाही. लहानपणापासून अशीच आहे मी. कागदावर मात्र जरा नीट बोलता येतं.

मी चौथी शिकले. मराठी वाचते, लिहिते. इंग्रजी अक्षरं ओळखते, पण त्यांचा शब्द होईपर्यंत डोकं दुखायला लागतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी याचाच आडोसा केला.

महेश माझा मुलगा, पल्लवी माझी सून. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियर झालेली. लग्न होऊन लातूरला आमच्या घरी आली तेव्हा तिच्यामागे तिचं कामही आलं. पुण्याची कंपनी, पण काम घरी बसून करायचं. कंपनीनं एक मोठा काळा कॉम्प्युटर पाठवला होता, तो तिच्या खोलीत खिडकीखाली ठेवला. आणि कामाबरोबर तस्नीम आली. म्हणजे आधी फोनमधून आली. ती देगलूरची. कॉलेजात दोघी एका खोलीत राहायच्या, एकाच कंपनीत लागल्या; ही लातूरहून काम करायची, ती देगलूरहून. दिवसभर दोघींचं बोलणं कानावर पडायचं. मग तस्नीम अधूनमधून घरी येऊन राहायला लागली. मला ‘अम्मा’ म्हणायची.

ती आली की स्वयंपाकघरातच बसायची. पाटा पुढं ओढून चटणी वाटायला लागायची आणि तोंडानं बोलणं सुरू. “अम्मा, तुमच्या घरचं वरण खाऊन घरी गेले की माझी अम्मी वैतागते. म्हणते, लातूरला जाऊन आली की ही पोरगी मटणाला नाक मुरडते!” मी हसायची. माझ्याशी इतकं कुणी बोलत नाही. मी बोलत नाही, म्हणून लोकही बोलायचं सोडून देतात. तस्नीमनं सोडलं नाही.

एकदा मीच विचारलं — आणि मी काही विचारणं हेच नवल — की तुम्ही दोघी दिवसभर करता तरी काय? पल्लवी म्हणाली, “आई, ते सांगायला अवघड आहे हो.” तस्नीम म्हणाली, “काही अवघड नाही. अम्मा, तुम्ही भातुकली खेळल्या का नाही?”

मग तिनं सांगितलं. कंपनीची खरी मशीनं कुठंतरी लांब असतात. त्यांच्यावर लोकांचं काम चालू असतं, म्हणून त्यांना हात लावायची भीती. तेव्हा आधी इथं, या काळ्या कॉम्प्युटरच्या पोटात, खोटी मशीनं मांडायची. भातुकलीत मांडतो तसा संसार. नवं घर, रिकामं. मग या दोघींनी लिहिलेलं असतं त्याप्रमाणे त्या घरात एकेक वस्तू जागेवर लावायची, आणि मग तपासायचं — चूल पेटली का, मिठाच्या डब्यात मीठच आहे का, मागचं दार बंद पाहिजे ते बंद आहे का. सगळं बरोबर निघालं की हिरवं. काही चुकलं की लाल. आणि तपासून झालं की अख्खा संसार मोडून टाकायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकाम्या घरापासून.

“रोज मोडायचं?” मी विचारलं.

“रोज. नाहीतर कालचं मीठ आज उपयोगी पडतं अन् आपल्याला वाटतं आजचंच काम बरोबर आहे.”

मला हे लई आवडलं. मी पुढं विचारलं की रिकाम्या घरात सामान येतं कुठून? ती म्हणाली, बाजारातून — म्हणजे इंटरनेटवरून. कोणत्या दुकानातून काय आणायचं, ते तस्नीमनं लिहिलं होतं. आणून झाल्यावर लावायचं कसं, ते पल्लवीनं. “अन् दुकानाचा रस्ताच बंद असला तर?” मी म्हणाले. तस्नीम पल्लवीकडं बघून म्हणाली, “बघ, अम्मांनी पहिल्या दिवशी विचारलं. तुला कॉलेजात कळायला किती दिवस लागले?” पल्लवीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. रस्ता बंद असला तर सामान येत नाही, आणि सगळं लाल होतं — हे मला तस्नीमनं तेव्हाच सांगितलं.

म्हणजे मला कळत होतं. एवढं लक्षात ठेवा.

ही तपासणी रोज पहाटे आपोआप व्हायची. पल्लवी उठायच्या आत सगळं मांडून, तपासून, मोडून तयार. मी तिचा चहा घेऊन खोलीत जायची तेव्हा पडद्यावर हिरव्या ओळी दिसायच्या. मलाच आधी दिसायच्या.

आता आमच्या नळाचं सांगते. लातूरकराला सांगायची गरज नाही, पण तुम्ही कुठले ते मला माहीत नाही. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. आठ दिवसांनी येईल, कधी दहा. कोणत्या वेळेला, तेही नक्की नाही, पण बहुतेक पहाटे. पाणी आलं की प्रत्येक घर नळाला मोटार लावतं. लावू नये, महापालिकेची माणसं उचलून नेतात — पण शेजारच्यानं लावली आणि आपण नाही लावली तर आपल्या नळातून नुसती हवा येते. नळ समोरच्या अंगणात, आणि मोटारीची वायर पोचते ती फक्त बैठकीतल्या बोर्डापर्यंत. त्या बोर्डाला पिना लावायच्या दोन जागा. एक जळून काळी झालेली. दुसरीत वायफायच्या डब्याची पिन.

शेजारच्या सुमन वहिनी भिंतीपलीकडून हाक मारायच्या, “काकू, नळ आला हो!” की मी उठून डब्याची पिन काढायची, मोटारीची लावायची. टाकी भरली की मोटार गुंडाळून न्हाणीत, आणि पिन परत जागेवर. पल्लवी उठेपर्यंत डब्याचे दिवे पुन्हा लागलेले असायचे.

ती लग्न होऊन येण्याआधीपासून मी हेच करत आले होते. पहिल्यांदा लाल ओळी दिसल्या तेव्हा माझ्या खरंच काही लक्षात आलं नाही. पल्लवीनं विचारलं, “आई, पहाटे लाइट गेली होती का?” मी म्हणाले, नाही. ते खरं होतं. पण पुढच्या नळाच्या दिवशी पुन्हा लाल झालं. मी चहाचा कप घेऊन तिथंच उभी राहिले. रस्ता बंद — सामान नाही. माझ्याच हातानं बंद केलेला रस्ता.

त्या सकाळी पल्लवीनं दुसरा प्रश्न विचारला. “आई, वायफायची पिन कुणी हलवली होती का हो?” जरा चढ्या आवाजात विचारलं. तिच्यावर पुण्याचे सर ओरडले होते.

मी म्हणाले, “न्हाई.”

का म्हणाले? मी खूपदा विचार केलाय. ती मला काही खाऊन टाकणार नव्हती. ‘बरं, इथून पुढं जरा सांगत जा’ एवढंच म्हणाली असती. पण तो शब्द निघून गेला. आणि माझ्यासारखीचं असं होतं — एक शब्द काढायलाच एवढी ताकद लागते, की तो परत घ्यायला काही उरत नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगतेय.

तुम्ही म्हणाल, मग पुढच्या वेळी तरी पिन काढायची नाही. बरोबर आहे. पण टाकी रिकामी असायची, वहिनींच्या मोटारीचा आवाज यायचा, आणि मला वाटायचं — आज कदाचित त्यांचं आधीच तपासून झालं असेल. कधीकधी झालेलंही असायचं. मग हिरवं यायचं, आणि मला वाटायचं, सुटले.

म्हणून तर त्या दोघींना दोष सापडेना. कधी हिरवं, कधी लाल. नेटवाला मुलगा येऊन लाइन तपासून गेला, चहा पिऊन म्हणाला, एकदम ओके आहे. मग पल्लवीला वाटायला लागलं की दोष तस्नीमच्या लिहिण्यात आहे. पडद्यावर येत होतं की सामान मिळालं नाही, आणि सामान आणायचं काम तस्नीमचं. देगलूरला तस्नीमच्या कॉम्प्युटरवर तेच सगळं हिरवं यायचं. फोनवर भांडणं सुरू झाली.

“माझ्याकडं चालतंय पल्लू, खरंच.”

“तुझ्याकडं चालतंय तर मग कंपनी उचलून देगलूरला आणून ठेवू का?”

आधी अशा बोलण्यावर दोघी हसायच्या. आता हसेनात. कंपनी दोघींना कायम करणार होती, ते याच कामावर अडलं होतं. पुण्याचे सर म्हणत होते, ज्या तपासणीचाच भरवसा नाही ती काय कामाची?

शेवटी तस्नीम स्वतः आली. उदगीरवरून बस बदलत आली. म्हणाली, मी इथं राहून डोळ्यांनी बघते. राहिली. रोज पहाटे उठून कॉम्प्युटरपुढं बसायची. नळ आला नाही, म्हणून सगळं हिरवं. पल्लवी अजूनच चिडली. तिला वाटलं, ही इथं बसून गुपचूप काहीतरी दुरुस्त करते आणि कबूल करत नाही.

तस्नीम परत जायच्या दिवशी पहाटे वहिनींची हाक आली. मी उठले. घरात पाहुणी, टाकी तळाला गेलेली. मी बैठकीत गेले. मी बोर्डापुढं जरा वेळ उभी राहिले. मला सगळं माहीत होतं. तरी मी पिन काढली, मोटारीची लावली, आणि वळले तर दारात तस्नीम. तोंडात ब्रश.

तिनं डब्याकडं बघितलं. दिवे विझलेले. मग वायरीमागं तिची नजर अंगणात मोटारीपर्यंत गेली. मग माझ्याकडं. आणि ती हसली. रागानं नाही हो — खरंच आनंदानं हसली, ब्रश काढून, तोंडावर हात ठेवून. “अम्मा! हे होतं होय! अन् मी इतके दिवस डोकं फोडून राहिले, माझं काय चुकतंय, माझं काय चुकतंय!”

ती जवळ आली, आवाज खाली करून म्हणाली, “तुम्ही घाबरू नका. पण पल्लूला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल मी माझी चूक तुमच्यावर ढकलून राहिले. सांगाल ना?”

मी म्हणाले, “सांगते गं.”

तिनं विश्वास ठेवला. मी तिला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, ती सकाळच्या बसनं गेली. जाताना पल्लवीशी नीट बोलली सुद्धा, थट्टा करत. तिला वाटलं, मिटलंच आता.

इकडं खोलीत पडद्यावर पहाटेच्या लाल ओळी तशाच होत्या. पल्लवी म्हणाली, “बघा आई. ती इथं असतानाही लाल. आता काय म्हणणार आहे ती?” माझ्या हातात कप होता. हीच वेळ होती. मी कप ठेवला आणि भाजी चिरायला गेले. मनात म्हणाले, संध्याकाळी सांगते. संध्याकाळी महेश घरी होता. दुसऱ्या दिवशी पल्लवीचं डोकं दुखत होतं. रोज काहीतरी सापडायचं. शोधलं की सापडतंच.

मग तो फोन आला. आता मला जे सांगायचंय ते आलं.

मी भाकऱ्या करत होते. पल्लवी बैठकीत फोनवर, आवाज मोठा लावलेला. पुण्याच्या सरांनी विचारलं होतं की लाल कशामुळे येतंय ते एकदा सांगून टाका, आणि पल्लवीनं तस्नीमचं नाव सांगितलं होतं. तस्नीम फोनवर म्हणाली, “पल्लू, तू अम्मांशी बोललीस का?”

“आईंशी काय बोलू?”

“एकदा विचार त्यांना.”

पल्लवी भडकली. “तू आता आईंवर घालणार का? अगं, चौथी शिकल्यात त्या! त्यांचा काय संबंध? लाज वाटू दे जरा.” आणि मग मला हाक. “आई, जरा इकडं या हो. ही म्हणते तुम्हाला माहीत आहे. सांगा बरं हिला.”

मी तवा खाली उतरवला. पिठाचे हात तसेच घेऊन दारात गेले. पल्लवीनं फोन माझ्यासमोर धरला. फोनमध्ये तस्नीम थांबली होती. मी सांगेन म्हणून थांबली होती.

मी म्हणाले, “मला बाई काय कळतंय त्यातलं.”

एवढंच. हाच माझा गुन्हा. पिन काढली ती नव्हे, आधीचं ‘न्हाई’ म्हणाले तेही नव्हे. हे वाक्य. जे तस्नीमनं मला पाट्याजवळ बसून, मी चौथी शिकलेली आहे याचा विचारही न करता समजावून सांगितलं होतं, ते मला कळत नाही असं मी तिलाच सांगितलं. तिनं मला शहाणी धरलं होतं. मी अडाणी होऊन सुटले.

मग ती म्हणाली, “ठीक आहे, अम्मा.” आणि फोन ठेवला.

‘मी डोळ्यांनी बघितलं’ असं ती तेव्हा म्हणू शकली असती. म्हणाली नाही. का, ते मला माहीत नाही. नंतर मेसेज करून कळवलं असेल तर तेही माहीत नाही. पल्लवीनं आपल्या फोनवर तिचा नंबर ब्लॉक करून टाकला होता. तस्नीम किती मोठ्या मनाची, असं काही मी इथं लिहिणार नाही. तिचं चांगलं लिहून माझं ओझं हलकं होईल, आणि ते मला नको.

पल्लवीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ द्या आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” मी परत चुलीकडं गेले. तव्याला आच लावली. भाकरी नीट फुगली, हेही मला आठवतं.

कंपनीनं तस्नीमला पुढं काम दिलं नाही. पल्लवीला कायम केलं. गल्लीत पेढे मीच वाटले.

अजून एक आहे. फोन झाला त्याच आठवड्यात मी महेशला म्हणाले, अंगणात नळाजवळ मोटारीसाठी वेगळा बोर्ड बसवून दे. ओल्या हातानं आत-बाहेर करावं लागतं, शॉक लागायची भीती वाटते. महेश म्हणाला, “आई, तू कधी काही मागत नाहीस, अन् एवढ्यासाठी थांबलीस का?” त्यानं लगेच माणूस आणून बोर्ड बसवून दिला. शॉकची भीती मला कधीच वाटली नव्हती. मला फक्त लाल बंद करायचं होतं. जी गोष्ट मी आधी केली असती तर तस्नीम वाचली असती, ती मी तस्नीमवर ठपका बसल्यावर केली, माझं उघडं पडू नये म्हणून.

त्यानंतर एकदाही पहाटे लाल आलं नाही. पल्लवी म्हणाली, “बघा आई, तस्नीम गेली अन् सगळं सुरळीत झालं.” मी म्हणाले, “हं.”

तस्नीम आता देगलूरलाच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मुलांना शिकवते, असं पल्लवीच्या कॉलेजातल्या कुणीतरी सांगितलं. पुण्याला जाऊन राहायचं होतं तिला. दोघींनी तिथं मिळून खोली घ्यायची, असं पल्लवीच्या लग्नाआधी ठरलं होतं. ते पल्लवीच्या बाजूनं मोडलं, तर तस्नीम म्हणाली होती, मग मी एकटी जाईन. गेली नाही. मला हेही आतल्या खोलीतून ऐकूनच माहीत आहे. मी कधी तिला फोन केला नाही. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तिनंच घालून दिला होता, नावासमोर चित्र लावून, म्हणजे मला इंग्रजी वाचावं लागू नये.

मागे एकदा पल्लवी एका नव्या मुलीला फोनवर काम समजावत होती. मी कपडे घड्या घालत होते. पल्लवी म्हणाली, “सामान आणायचा भाग आधीच्या मुलीनं लिहिलाय, त्याला हात लावू नको. मी तो बदललाच नाही कधी. कसं काय माहीत, आपोआप चालायला लागलं.” म्हणाली, आणि जरा थांबली. मी घडी घालायची थांबले. मग ती पुढचं बोलायला लागली.

म्हणजे ते तस्नीमचंच लिहिलेलं आहे. रोज पहाटे आमच्या घरात तेच चालतं. आज नळ आला होता. मी अंगणातल्या बोर्डाचं बटण दाबलं, टाकी भरली, चहा घेऊन आत गेले. वायफायचे दिवे लागलेले होते. पडद्यावर सगळ्या ओळी हिरव्या. मी त्या वरपासून खालपर्यंत बघितल्या, आणि कप ठेवून बाहेर आले.